किरकोळ सुधारणा

बाबा, सकाळपासून एक ओळ लिहिते आहे आणि पुसते आहे. तुम्ही गेलात तेव्हा मी शाळेत होते, म्हणून आधी माझं काम सांगते. कॉम्प्युटरवर ज्या ब्राउजरमधून लोक इंटरनेट बघतात, त्याला जोडायचे छोटे प्रोग्राम मी बनवते. त्यांना एक्स्टेंशन म्हणतात. माझं एक्स्टेंशन फॉर्ममध्ये टाइप केलेला मजकूर जपून ठेवतं, मध्येच लाइट गेली तरी तो राहतो. आपल्या बहादरपुरात राहून दुसरं काय सुचणार! असे प्रोग्राम बनवणाऱ्यांचा आमचा ग्रुप आहे, वापरणारेही तिथेच तक्रार लिहितात.

मागच्या आठवड्यात मी नवी आवृत्ती काढली आणि तिने लोकांचा जपलेला मजकूरच पुसून टाकला. एका शिक्षिकेने लिहिलं, "ताई, पोरांच्या प्रगतिपुस्तकाचे सगळे शेरे गेले. दोन दिवस बसून लिहिले होते." माझ्याआधी ग्रुपमधल्या एकाने तिला उत्तर दिलं, "ब्राउजरचं नवीन अपडेट आलंय ना, त्याचीच गडबड. ताईचं काम एकदम पक्कं असतं." मी वाचलं आणि गप्प बसले. चूक माझीच होती, सापडलीही होती. ती दुरुस्त केली आणि प्रत्येक आवृत्तीसोबत सगळ्यांना दिसते त्या बदलांच्या यादीत लिहिलं, किरकोळ सुधारणा. तेव्हापासून घास गोड लागत नाही.

तुम्ही मिलमध्ये कागद उजेडाकडे धरून तपासायचात आणि प्रत्येक गठ्ठ्यात आपल्या सहीची चिठ्ठी ठेवायचात. आई चिडायची, "माल खराब निघाला तर तुम्हालाच धरतील ना!" तुम्ही हसायचात, "मग कोणाला धरायचं, मशीनला?" पहिली पाळी करून तुम्ही येता, मी स्वयंपाकघरात मिलच्या फाटक्या काठांच्या कागदांवर गणितं करते आहे, आणि तुम्ही माझा हात धरता. "रबर नको बेटा. एक रेघ मार अन् खाली बरोबर लिही. कुठे गलती झाली ते दिसू दे."

आत्ता आई ओरडते आहे, "चहाचं पार पाणी झालं, ऊठ त्या डब्यासमोरून!" उठले नाही. यादीतली ती ओळ पुसली नाही, तिच्यावर रेघ मारली. खाली लिहिलं, 'मजकूर माझ्या चुकीने गेला. ब्राउजरचा दोष नाही. गेलेलं परत आणता येणार नाही.' त्याखाली माझं नाव. शिक्षिकेलाही तेच कळवलं. तिचं उत्तर अजून नाही, दर मिनिटाला बघते आहे.

हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून एक सांगून टाकते. पाढ्यांची माझी वही तुम्ही शेजारी दाखवत फिरला होतात, "बघा, एक रेघ नाही." त्या वहीसाठी मी बुधवाऱ्याच्या बाजारातून तुमच्या नकळत रबर आणलं होतं. सतराच्या पाढ्यापाशी कागद अगदी पातळ झाला होता. आणि शाबासकी देण्याआधी तुम्ही ते पान, सवयीने, उजेडाकडे धरलं होतं.