आप्पांच्या धूमकेतूचं पदक

ती. दादा यांना,

घरजावयाचा साष्टांग नमस्कार. तुमचं मागचं पत्र येऊन बराच काळ लोटला. वहिनींचे गुडघे आणि तुमचं ब्लडप्रेशर ताब्यात असेल असं धरून चालतो. इथे सगळे बरे, म्हणजे अंथरुणाला खिळलेलं कोणी नाही.

पत्राचं कारण आप्पांचं पदक. तरुणपणी धूमकेतू शोधल्याबद्दल मिळालेलं, तेच (ज्याने तुम्ही लहानपणी अक्रोड फोडायचात, असं तुमची बहीण सांगते). वेधशाळेने खगोलशास्त्रातल्या जुन्या पदकांचं दालन उघडलं आणि आपलंही मागितलं. आप्पा नको म्हणाले. डोळे अधू झाल्यापासून दुपारभर ते पदक हातात धरून त्यावर कोरलेल्या धूमकेतूच्या शेपटीवर अंगठा फिरवत बसायचे. पण मी पडलो हौशी. घरात पडून त्याला कोण विचारतं, म्हणून सासरेबुवांच्या मागे लागलो (हे वाक्य मलाही लागू आहे, असं तुमची बहीण म्हणाली). शेवटी त्यांनी पदक रुमालात गुंडाळून दिलं आणि आठवडाभर कोणाशी धड बोलले नाहीत.

मग एका सकाळी म्हणाले, "चल, भेटून येऊ." गेलो. पदक काचेच्या कपाटात, खाली पाटी. आप्पांना दिसेना, म्हणून मी मोठ्याने वाचत सुटलो आणि मधेच थांबलो. आप्पांच्या नावाआधी 'दिवंगत' लिहिलं होतं.

"थांबलास का? वाच की."

वाचलं. ते काचेवर अंगठा टेकवून उभे राहिले. रखवालदार आला. "आजोबा, काचेला हात लावू नका. तुम्ही यांचे कोण?"

"जुनी ओळख होती," आप्पा म्हणाले.

मी तणतणत ऑफिसात गेलो. कारकून म्हणाला, पाटी बदलू, हयातीचा दाखला आणा. मी आप्पांनाच पुढे उभं केलं. त्याने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि दाखला मागितला.

तेव्हापासून आप्पा दुपारी हात मांडीवर पालथे ठेवून नुसते बसतात. मी वेधशाळेकडे पदक परत मागितलंय. तिथले लोक 'बघू' म्हणतात.

आपला उपद्व्यापी मेहुणा

ता. क. पत्र आप्पांना वाचून दाखवलं. दाखल्यापाशी हसले. मग म्हणाले, "पदकाचं रडगाणं पुरे. राहू दे तिथे. दादाला यायला सांग, एवढंच लिही."

आणखी ता. क. डॉक्टर म्हणतात, मधली नजर गेली. कडेने थोडं दिसतं, तेही किती दिवस सांगता येत नाही. लवकर या. आणि आलात की त्यांच्या समोर बसू नका. आप्पा सांगतात, अंधुक तारा थेट बघितला की नाहीसा होतो, नजर किंचित बाजूला ठेवावी लागते. तेव्हा तुम्ही जरा डावीकडे बसा.