शिडी की भिंगरी

तीर्थरूप दादास,

धाकट्या बहिणीचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग मनातल्या मनात समजावा. आठांपैकी दोन अंगं, म्हणजे गुडघे, सध्या माझ्या ताब्यात नाहीत. कारण पुढे येईल.) तुझं ब्लडप्रेशर कसं आहे? वहिनीची टाच दुखायची थांबली का? गोळ्या वेळेवर घेतोस, की वहिनीने विचारलं की घेतल्या म्हणून सांगतोस? आमच्याकडे सगळं ठीक आहे. शिलाई मशीन माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठं असून माझ्यापेक्षा कमी कुरकुरतं.

फोन न करता पत्र का लिहिलं, असं तुला वाटेल. फोनवर माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तू ‘नाही’ म्हणतोस आणि उरलेलं वाक्य मला मशीनला ऐकवावं लागतं. पत्राचं तसं नसतं. शेवटपर्यंत वाचल्याशिवाय नाही कशाला म्हणायचं तेच कळत नाही.

तर झालं असं. आपल्या क्लबच्या मुलींच्या हॉकी संघाचे कपडे मी शिवते, हे तुला माहीत आहे. गेल्या वर्षी वरून नियम आला की निवड समितीत एक तरी बाई हवी. समितीतल्या तिघांनी आपापल्या बायकांकडे पाहिलं, बायकांनी त्यांच्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की तिघेही तडक माझ्या दुकानात आले. अध्यक्ष म्हणाले, ‘‘तुम्हाला प्रत्येक पोरीच्या कमरेचं माप पाठ आहे. निवडीला आणखी काय लागतं?’’ मी हो म्हटलं. (नाही म्हणायची कला आपल्या घरात सगळी तुझ्याच वाट्याला आली.)

अध्यक्ष म्हणजे बेकरीवाले. हॉकी स्टिकच्या जवळ जाणारी एकच वस्तू त्यांनी जन्मात धरली आहे, ती म्हणजे भट्टीतून पाव काढायचं लांब दांड्याचं फावडं. पण कुठलीही मुलगी मैदानात उतरली की ते डोळे बारीक करून बघतात आणि निकाल देतात, ‘ही अजून फुगेल’ किंवा ‘ही बसली’. दुसरे आपले कोच सर. पोस्टात तीस वर्षं पत्रं वेगळी केल्यामुळे माणूस दिसला की त्याला कुठल्या तरी खणात टाकल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. ही बचावात, ही राखीव, ही परत पाठवा. तिसरे दाताचे डॉक्टर. त्यांच्याकडे एक वही आहे आणि वहीत प्रत्येक मुलीचे आकडे आहेत. ‘क्षमता : सहा पूर्णांक सात.’ कशापैकी सहा, हे विचारलं की ते पान उलटतात. पण पूर्णांक ऐकला की अध्यक्ष गप्प होतात, एवढा त्याचा उपयोग आहे. बैठका माझ्या दुकानात होतात, कारण खुर्च्या चार आहेत आणि बेकरीत बैठक घेतली की वासाने कोणाचंच लक्ष लागत नाही.

या वर्षी पत्र आलं की सहा आठवड्यांचं मोठं शिबिर आहे, प्रत्येक क्लबने सतरा वर्षांखालची एक मुलगी पाठवावी. एकच. आणि आपल्याकडे आहेत दोन.

पहिली शिडी, प्लंबरची मुलगी. एवढी उंच की तिची ट्रॅकपँट शिवताना कापड टेबलावरून खाली जमिनीवर येतं. पेनल्टी कॉर्नरला तिने फटका मारला की समोरची गोलकीपर आधी बाजूला होते आणि मग विचार करते. पण पळायचं नाव नाही. चेंडू आपणहून आला तर या बसा, नाही आला तर त्याची मर्जी, असा स्वभाव. दुसरी भिंगरी, बस कंडक्टरची मुलगी. खच्चून भरलेल्या बसमधून बाप जसा तिकिटं फाडत सरकतो, तशी ही पाच जणींमधून चेंडू घेऊन निघते आणि कोणाला धक्कासुद्धा लागत नाही. पण पास देणार नाही. चेंडू एकदा तिच्याकडे आला की तो माहेरी आला. परत पाठवायचं नाव काढलं की हिच्या जिवावर येतं. आणि या दोघी पहिलीपासूनच्या मैत्रिणी. एक बाक, एक डबा, एकीला सर्दी झाली की दुसरी शिंकते.

आता यातली पुढे कोण चमकेल, यावर आमची तीन शनिवार खडाजंगी चालली. अध्यक्ष शिडीच्या बाजूने, कारण उंची शिकवता येत नाही. सर भिंगरीच्या बाजूने. ‘‘अक्कलही शिकवता येत नाही,’’ सर म्हणाले, ‘‘नाहीतर तुम्हाला मी केव्हाच शिकवली असती.’’ यावर अध्यक्ष ताडकन उठले, दाराकडे निघाले, वाटेत माझ्या कपडे घातलेल्या पुतळ्यावर आदळले आणि त्याला ‘माफ करा वहिनी’ म्हणाले. मग हसू कोणालाच आवरेना आणि बैठक पुढच्या शनिवारवर गेली. डॉक्टरांची क्षमता रोज बदलायची. सोमवारी शिडी सात पूर्णांक एक, गुरुवारी भिंगरी सात पूर्णांक दोन. मी विचारलं, मधल्या दोन दिवसांत काय झालं? म्हणाले, मी नीट विचार केला. (हिरड्यांबद्दलही ते असाच विचार करत असतील तर देव आपल्या दातांचं रक्षण करो.)

तिसऱ्या शनिवारी भिंगरी नवा स्कर्ट बघायला आली होती. मी तिला आतल्या पडद्यामागे उभं केलं, कमरेला चौदा पिना लावल्या, ‘हलू नकोस, टोचतील’ म्हणून बजावलं, आणि तेवढ्यात समिती अर्धा तास आधीच दारात हजर. चहा केला, खुर्च्या मांडल्या, आणि दादा, खरं सांगते, पडद्यामागे मुलगी आहे हे मी साफ विसरले.

त्या दिवशी नेमकं सरांनी खण बदलला. म्हणाले, ‘‘पोरगी चलाख आहे, पण स्वार्थी. मोठ्या संघात दोन दिवस ठेवून घेतील आणि परत पाठवतील.’’ अध्यक्षांना उकळ्या फुटल्या. ही बिस्किटाच्या जातीची, ही फुगायची नाही, असं त्यांनी तीनदा सांगितलं. डॉक्टरांनी नवा रकाना आखला, ‘स्वार्थ : आठ पूर्णांक दोन’. आणि खोटं कशाला बोलू, मीही मान डोलावली. असा तासभर पंचनामा झाल्यावर पडद्याआडून आवाज आला, ‘‘काकू, पाय आखडलेत. पिना काढता का आता?’’

अध्यक्षांच्या हातातला चहा अर्धा बशीत गेला. भिंगरी बाहेर आली. एका बाजूने स्कर्ट, एका बाजूने नुसत्या पिना. अध्यक्षांना म्हणाली, ‘‘काका, आमच्या घरात कोणीच फुगत नाही.’’ मग डॉक्टरांकडे वळली, ‘‘आठ म्हणजे दहापैकी का?’’ डॉक्टर प्रामाणिक माणूस, हो म्हणाले. तिने मान हलवली आणि तशीच, चौदा पिनांसकट, दुकानातून निघून गेली.

मला काय वाटलं असेल ते तुला सांगायला नको. तू सतरा वर्षांचा होतास, मी अकरा. क्लबच्या खिडकीखाली तुझा स्वेटर मांडीवर घेऊन मी तुझ्याशेजारी बसले होते, खिडकी उघडी होती आणि आत कोणीतरी म्हणालं, पोरगा बरा आहे, पण यात पुढे काही नाही. घरी जाताना स्टिक माझ्या हातात दिलीस आणि पुन्हा कधी मागितली नाहीस. आपण यावर कधी बोललो नाही, आताही नको. पण तेव्हापासून चार शहाणे ‘पुढे काय होईल’ ते सांगायला लागले की मला ती उघडी खिडकी दिसते. आणि त्या शनिवारी त्या चारांतली एक मी होते.

सोमवारी भिंगरी सरावाला आली नाही. शिडीही आली नाही. मंगळवार, बुधवार तेच. फॉर्म रविवारपर्यंत पाठवायचा होता. गुरुवारी दुकान लवकर बंद करून मी कंडक्टरच्या घरी गेले. दार शिडीने उघडलं आणि ‘ती घरी नाही’ असं माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत सांगितलं. (खोटं बोलायला उंची किती उपयोगी पडते बघ.) आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं आणि फटीतून भिंगरीचं नाक दिसत होतं. मी त्या नाकाला म्हटलं, मी मान डोलावली, माझं चुकलं. मग नाक म्हणालं, ‘‘सगळ्यात जास्त मान कोणी डोलावली?’’ मी म्हटलं, अध्यक्षांनी. पण त्यांना मान जवळजवळ नाहीच, त्यामुळे नक्की सांगता येत नाही. आत फिस्सकन हसू फुटलं. शनिवारी दोघी चाचणी सामन्याला यायला कबूल झाल्या.

चाचणीत दोघींना सरांनी एकाच संघात घेतलं. समोरच्या बाजूची गोलकीपर मात्र तापाने झोपलेली. सगळ्यांनी इकडे तिकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. पॅड बांधताना अध्यक्ष म्हणाले, तुम्ही नुसत्या उभ्या राहा, तेवढ्यानेच बरीच जागा अडेल. राग गिळून मी उभी राहिले. आणि अभिमानाने सांगते, पहिल्या अर्ध्या तासात मी पाच फटके अडवले.

मग भिंगरीला चेंडू मिळाला. एकीला चकवलं, दुसरीला चकवलं, तिसरी स्वतःच पाय अडकून बसली. समोर फक्त मी. आमची नजरानजर झाली. मी मनात म्हटलं, मार गं बाई, हवं तर मलाच मार, माझी काही तक्रार नाही. आणि ती थांबली. मान वळवून तिने मागे पाहिलं. शिडी पळत येत होती! सुटलेली बस पकडायलाही जी कधी पळाली नाही, ती हात-पाय चार दिशांना टाकत, घसरत्या शिडीसारखी येत होती. भिंगरीने चेंडू अलगद तिच्याकडे सरकवला. पुढचं मी पाहिलं नाही, पाठीमागच्या फळीचा धाडकन आवाज तेवढा ऐकला. तोवर मी दोन्ही गुडघ्यांवर होते. (नमस्काराचं कारण हे.)

अध्यक्ष डोळे पुसत होते. मैदानात मैदा नसतो, तरी मैदा गेला म्हणाले. डॉक्टरांनी पेन काढलं आणि परत खिशात ठेवलं. सर बराच वेळ शिट्टी तोंडात धरून उभे होते, वाजवायची विसरून. मग म्हणाले, ‘‘एका पाकिटातलं पत्र आहे हे. दोन खणांत कसं टाकायचं?’’

मी नंतर भिंगरीला विचारलं, गोल समोर मोकळा होता, पास का दिलास? ती म्हणाली, ‘‘ती पळत होती ना, काकू! दोन वर्षांत पहिल्यांदा. वाया कसं जाऊ द्यायचं?’’

फॉर्मवर नावासाठी एकच ओळ होती. डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीच्या अक्षरात दोन्ही नावं त्यात बसवली. ती शिबिरवाल्यांना वाचता येईनात, म्हणून त्यांचा फोन आला. अध्यक्ष त्यांच्याशी वीस मिनिटं इतक्या मोठ्याने बोलले की शेवटी तिकडच्या माणसाने दोन्ही नावं घेतली, बहुधा कानासाठी. मुलींना कळवलं तेव्हा शिडी खाली वाकून भिंगरीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. बरंच वाकावं लागलं.

असो. एवढंच सांगायचं होतं. तब्येतीला जप. वहिनीला नमस्कार.

तुझी,
धाकटी

ता. क. : वर मी पाच फटके अडवले असं लिहिलं आहे. तुला बाहेरून कळेलच म्हणून सांगते, एक. तोही मी वळून पळत असताना पाठीला लागला.

ता. क. २ : शिबिर तुमच्या शहरात आहे. मैदान तुझ्या घरापासून चालत पंधरा मिनिटं. तिथलं वसतिगृह फक्त मुलग्यांचं आहे, मुलींनी नातेवाइकांकडे राहायचं असा नियम. फॉर्मवर नात्याच्या रकान्यात मी दोघींसाठी ‘मामा’ असं लिहून तुझा पत्ता दिला आहे. (म्हणजे तुला आणखी दोन बहिणी झाल्या. एकीने तुझं काय झालं ते तू जाणतोसच.)

ता. क. ३ : वहिनीला सगळं दहा दिवसांपासून माहीत आहे. मागच्या खोलीतली तुझी वर्तमानपत्रांची थप्पी कुठे गेली, असं तू तिला विचारत होतास म्हणे. शिडीचे पाय पलंगाबाहेर जातात, तिथे एक स्टूल ठेव. भिंगरी पहाटे साडेपाचला भिंतीवर चेंडू मारते. भिंत कुठलीही चालते. संध्याकाळी परत आल्या की आज काय केलंत तेवढं विचार. पुढे काय होणार, ते विचारू नकोस.

ता. क. ४ : शिबिर उद्यापासून आहे आणि पोस्टाला चार दिवस लागतात, म्हणून हे पत्र मुलींच्याच हाती दिलं आहे. तू नेहमीसारखा चष्मा कपाळावर ढकलून उंबऱ्यातच वाचत उभा असशील. समोर पायरीवर ज्या दोघी उभ्या आहेत, त्याच या. सात तासांच्या प्रवासाने दमल्या आहेत. पत्र खिशात ठेव, दार पूर्ण उघड आणि निदान एक बॅग तरी हातात घे.