लग्नाच्या कोटातला पहिला अंक

अहो,

ट्रंकेत चित्रकथांचे एकोणचाळीस जुने अंक होते. रविवारच्या लिलावासाठी तुम्ही अडतीसच बांधलेत. उरलेला, सगळ्यात दुर्मिळ पहिला अंक तुमच्या लग्नाच्या कोटाच्या घडीत सापडला. निदान दुसरी जागा शोधायची! वर निळ्या शाईत लिहिलंय, 'हिरामणला, शकूकडून'. "नेरळची कुणी शकू होती, चेहराही आठवत नाही," असं तुम्हीच म्हणाला होतात ना?

पहिल्या अंकाशिवाय बाकीचे कुणी घेणार नाही, आणि वर लिहिलेलं असेल तर भाव पडतो, असं लिलाववाल्यांनी बजावलंय. म्हणून ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने मी फक्त तिचं नाव पुसलं. तुमचं ठेवलंय.

कशेळ्याला आईकडे जातेय. भात झाकून ठेवलाय. अंक खिडकीत वाळतोय.

इंदू

ता. क. शाई पूर्ण गेली. त्या जागी दोन सेंटिमीटर लांब, दीड सेंटिमीटर रुंद भोक आहे.