यंदा पिंकीला पाठवलं नाही

रोहा
४ मे

ती. आईंना नमिताचा नमस्कार.

आम्ही मायलेकी बऱ्या आहोत. तुमची मीठ काढायची गडबड चालू असेल. उन्हातून आल्या आल्या गार पाणी पिऊ नका, गेल्या वर्षी घसा धरला होता तो आठवा.

फोन सोडून पत्र का, असं म्हणाल. फोन तुम्ही स्पीकरवर लावता आणि आपलं बोलणं सगळ्या आळीला ऐकू जातं. परवा मी पिंकीच्या पोटदुखीचं सांगत होते तर मागून बायजाकाकी ओरडल्या, "ओवा दे गो तिला!" पत्र तुम्ही ओट्यावर बसून एकट्याने वाचाल. चौथीपर्यंत शिकलात ते कधी कामाला यायचं?

पिंकीला यंदा सुट्टीत पाठवलं नाही म्हणून तुम्ही रागावला आहात. तुमच्या नुसत्या "बरं" वरूनच कळलं मला. पण आमच्या वाचनालयात मुलांचं उन्हाळी शिबिर आहे, आणि ग्रंथपालाचीच मुलगी आजीकडे गेली तर बाकीचे आईबाप आपली पोरं कशाला पाठवतील? आता रोज सकाळी हॉल भरतो. कंपनीच्या कॉलनीतली मुलं येतात, बाजारपेठेतली येतात, पलीकडच्या वाडीवरचीही येतात. आधी गोष्टीचं पुस्तक, मग कागदकाम, मग लिंबू सरबत. सरबतात तुमच्याच मिठागराचं मीठ घालते, ते मी सगळ्यांना आवर्जून सांगते.

आमचे कार्यवाह हैबतराव निवृत्त मुख्याध्यापक आहेत. वाचनालयात आवाज म्हणजे पाप, असं त्यांचं मत. शिबिराचं उद्घाटन त्यांनीच केलं आणि दुसऱ्या दिवशी मला विचारलं, "ही मुलं मनातल्या मनात खेळू शकत नाहीत का?" सर्पमित्राने धामण आणली त्या दिवशी मात्र स्वतः एवढ्या जोरात ओरडले की खाली रिक्षावाले गोळा झाले. पिंकीने धामणीच्या पाठीवरून हात फिरवला. धीट आहे, तुमच्यावर गेली आहे.

मातीकाम शिकवायला पेणच्या गणपतीच्या कारखान्यातले एक जण येतात. गेल्या वर्षीचेच. बाकी विशेष काही नाही.

तुमची सून,
नमिता


रोहा
१६ मे

ती. आई,

तुमचं उत्तर नाही. मीठ जोरात पडत असेल, असं मी मनाशी म्हणते.

आज तुम्हाला हसवायला लिहिते. माझी फजिती ऐका. मातीकामाची शाडू माती संपली. पेणहून यायला आठवडा लागणार, आणि मुलं तर हट्टाला पेटलेली. तेव्हा तुमच्या या हुशार सुनेने एका मुलाच्या वडिलांना टेम्पो घेऊन खाडीकडे पिटाळलं आणि दोन घमेली चिखल आणवला. काळा, मऊ, लोण्यासारखा. मुलांनी हत्ती केले, मगरी केल्या, एका मुलीने चक्क हैबतराव केले, चष्म्यासकट. सगळं खिडकीत ओळीने वाळत ठेवलं.

पुढचं तुम्हाला सांगायला नकोच. तीन-चार दिवसांत सगळ्यांच्या अंगावर पांढरी बुरशी आल्यासारखं मीठ फुटलं. हत्तींच्या सोंडा गळाल्या. हैबतरावांचं नाक पडलं. मुलं रडायला लागली. इतकी वर्षं मिठागरावर नांदले, तुम्हाला खाऱ्या चिखलात गुडघ्यापर्यंत उभं राहिलेलं बघितलं, आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही!

मातीवाले त्याच दिवशी आले. त्यांनी एक हत्ती उचलला, बोट लावून जिभेवर टेकवलं आणि म्हणाले, "जेवणाला चालेल." मला एवढं हसू आलं की मी कपाटाला धरून उभी राहिले. पिंकीचे बाबा गेल्यापासून मी अशी हसले नव्हते. मुलं रडायची थांबली आणि माझ्याकडेच बघायला लागली. पिंकी तर डोळे विस्फारून बघत होती.

दुसऱ्या दिवशी ते मोटरसायकलवर शाडूची गोणी बांधून पेणहून आले. कोलाडकडून आले, नागोठण्याच्या बाजूला रस्ता खोदलाय म्हणे. प्रत्येक मुलाकडून पहिल्यापासून करून घेतलं. कारखान्यात आता हंगामाची घाई असते, एक दिवस मोडला तरी मालक बोलतो. तरी आले. त्यांचं नाव निकेश.

शिबिराचा समारोप ३१ तारखेला आहे. मुलांच्या वस्तूंचं प्रदर्शन आहे, पिंकी गोष्ट सांगणार आहे. तुम्ही याल का? सकाळच्या गाडीने आलात तर मी स्टेशनवर घ्यायला येईन.

तुमची सून,
नमिता


रोहा
२१ मे

आई,

काल रात्री तुम्ही पिंकीशी फोनवर बोललात. ती चिखलाची गोष्ट सांगत होती. "आणि आजी, आई एवढी हसली, एवढी हसली!" तुम्ही विचारलंत, "कोनाबरोबर?" ती म्हणाली, "निकेशकाकांबरोबर." मग तुम्ही फोन ठेवलात. मी शेजारीच उभी होते.

आता सरळ लिहिते. निकेश आणि मी लग्न करायचं म्हणतो आहोत.

गेल्या वर्षीच्या शिबिरात ओळख झाली. मग ते वाचनालयाचे सभासद झाले. पेणहून रोह्याला पुस्तकं बदलायला कोण येतं? हैबतरावांच्यासुद्धा ते लक्षात आलं, तुम्हाला तर कधीच आलं असतं. त्यांचं लग्न झालेलं नाही, आजारी वडिलांचं करता करता राहून गेलं. वडील आता नाहीत. दारू नाही, तंबाखू आहे, ती सोडायला सांगितली आहे. पिंकीशी ते फार गोड बोलायला जात नाहीत, आणि मला तेच बरं वाटलं.

पिंकीला शिबिरासाठी ठेवून घेतलं, हे अर्धंच खरं. ती तुमच्याकडे आली असती आणि दुसऱ्याच दिवशी सगळं बोलली असती. माझ्याआधी तिच्या तोंडून तुम्हाला कळू नये म्हणून तिला अडवलं. तुमची वर्षाची सुट्टी मी माझ्या भित्रेपणापायी खाल्ली. पिंकी रोज विचारते, आजीकडे कधी जायचं? मला तिच्या तोंडाकडे बघवत नाही.

आई, मला आई नव्हती हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्या घरी आले तेव्हा मला साधा भात शिजवता येत नव्हता. हे गेले तेव्हा सगळे म्हणाले, हिला मिठागरावर घ्या, दोन हात वाढतील. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "सखा गेला म्हनून ही कशाला चिखलात उभी राहील? शिकलेली हाय, रोह्याला जाऊ दे." मी आज खुर्चीवर बसून पुस्तकांना नंबर घालते ते त्या एका वाक्यामुळे. म्हणूनच सांगायला जीभ उचलत नव्हती. तुमच्या मुलाच्या जागी दुसरं माणूस आणते आहे, असं तुम्हाला वाटलं तर मी काय बोलणार? तसं नाही, एवढंच सांगू शकते. यांची जागा यांचीच आहे.

तुम्ही नको म्हणालात तर मी काय करीन, मला खरंच माहीत नाही. मला निकेश हवे आहेत आणि तुम्हीही हव्या आहात. दोन्ही मागणं जास्त आहे का, ते तुम्हीच सांगा. आम्ही पेणच्या ऑफिसात सह्या करणार आहोत, गाजावाजा काही नाही. पेणला राहायला आले तर तुमच्यापासून अर्ध्या तासावर असेन. पण तुम्ही दार लावून घेतलंत तर अर्धा तास काय आणि मुंबई काय.

३१ ला या. नाही आलात तर मी समजेन.

तुमची,
नमिता


मिठागर
२६ मे

नमिता,

पत्र पोचला. दोनदा वाचला. मला लिवायची सवय नाय, चुकला तर समजून घे.

मला दिवालीलाच कळला व्हता. बायजानी तुम्हा दोघांना कोलाडला हाटेलात बघितला. मी काय बोलले नाय. म्हटला ती सांगंल. तू एवढे महिने लावलेस आनि वर माझी नात अडकवून ठेवलीस. त्याचा राग हाय. तो एवढ्यात जानार नाय. पिंकीला शाला उघडेपरत माझ्याकडं पाठव. आनि दरसाल सुट्टीला पाठवायची. लगीन झाला तरी.

खाडीच्या चिखलाचं हत्ती करतात काय गो? हसून हसून माझी पाठ दुखली. मग रडू आला. मग परत हसले.

३१ ला मी येनार नाय. मीठ पडलाय, पावसाच्या आत उचलायचा हाय. त्या मातीवाल्यालाच इकडं पाठव. मला बघायचा हाय.

सह्या करायच्या तर करा. पन आपल्याकडं नवरा मेलेल्या बाईचा पाट लावायचा तर रातच्याला लावतात. दिवा बारीक, हलद नाय, वाजाप नाय, चोरी केल्यासारखा. माझ्या थोरल्या बहिनीचा तसाच लावला. ती खाली मान घालून गेली ती परत कधी म्हायेरी आली नाय. तुझा तसा नाय व्हनार. माझ्या दारात मांडव घालीन, दिवसाउजेडी. पयली हलद मी लावीन. माझ्यासारख्या विधवेनी लावू नये म्हनतात. म्हनू दे. कोन बोलला तर माझ्याशी गाठ हाय.

येताना तुझ्या खोलीतला सखाचा फोटो घेऊन ये. नव्या घरात लावू नको, त्या मानसानी रोज कशाला बघायचा. माझ्या घरात लाव. तो मोठा झाल्यावरचा माझ्याकडं एकपन फोटो नाय. तुझ्याकडं हाय, तुला लागंल, म्हनून मी कधी मागितला नाय.

आई