मधली सत्तर मिनिटं

२ मार्च, सोमवार

आणखी चार रिपोर्ट गायब. रक्ततपासणीच्या मशीनला जोडलेल्या त्या एकाच संगणकातून. आज एक बाई जुना रिपोर्ट मागायला आल्या, तर फाइल नाही. दुसऱ्या डिस्कवर बघितलं, तिथेही नाही. काकांनी आठवणीतून आकडा सांगितला, मग कपाटातून कागदी प्रत शोधली. आकडा तोच! काका म्हणजे लॅबचे सगळ्यात जुने तंत्रज्ञ. वही बाळगत नाहीत. "डोक्यात जागा आहे तोवर कागद कशाला?"

मॅडमनी मला आत बोलावलं. लॅब त्यांची. "संगणक तुझ्या ताब्यात आहेत. कोण पुसतंय ते मला नावानिशी हवंय."

नाव कुठून आणू? सगळे एकाच लॉगिनने शिरतात, आणि पासवर्ड स्क्रीनच्या कडेला चिकटवलेला.

३ मार्च, मंगळवार

थेट कर्नलमध्ये पाळत बसवायची ठरवली. कर्नल म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमच्या खाली बसलेला कारभारी. फाइल उघडा, लिहा, पुसा — अर्ज त्याच्याकडेच जातो. त्याच्या दारात ट्रेसर बसवला की कोणी, काय, केव्हा, सगळी नोंद राहते.

बसवण्यात अख्खा दिवस गेला. चालू कर्नलशी तंतोतंत जुळणाऱ्या फाइली लागतात आणि आमचा कर्नल दोन वर्षं जुना. तीनदा भलतीच आवृत्ती उतरवली. चौथ्यांदा बसलं, तर नोंदींचं फोल्डर रिकामं! पाऊण तास डोक्याला हात लावून बसले. ते फोल्डर आधी जोडावं लागतं, तेच राहिलं होतं.

४ मार्च, बुधवार

चाललं! पहिल्या मिनिटात वीस हजार ओळी. बघूनच घाबरले. एक संगणक गप्प बसून एवढी कामं करतो? गाळणी लावली — फक्त रिपोर्टांचं फोल्डर, फक्त पुसणं. मग शांत.

एक वाजता काकांनी मशीन झोपवलं, म्हणजे तो संगणकच स्लीपवर टाकला, रोजच्यासारखा. "आपण जेवतो, त्यालाही डुलकी."

घरी नवऱ्याला सांगितलं तर म्हणे, "आता माझ्या मोबाइललाही बसव एक." कधी गंभीर होईल हा माणूस!

६ मार्च, शुक्रवार

सापडलं.

काल अकरा फाइली पुसल्या गेल्या. लॉगिन सगळ्यांचं एकच, म्हणून माणूस वेळेवरूनच शोधायचा. नोंदीत घड्याळाची वेळ नसते, मशीन चालू झाल्यापासूनचे सेकंद असतात. चोवीस हजार तीनशे. सकाळी साडेआठला चालू केलं, त्यापुढे पावणेसात तास. म्हणजे सव्वातीन. तीनदा आकडेमोड केली.

माझी स्वतःची एक स्क्रिप्ट आहे, दर गुरुवारी आपोआप चालून जुन्या फाइली दुसऱ्या डिस्कवर हलवणारा छोटा प्रोग्रॅम. पण ती चार पंचवीसला चालते. त्या वेळेची नोंदच नाही, हलवण्यासारखं काही नसेल. सव्वातीनला आम्ही सगळे मॅडमच्या बैठकीत होतो. मशीनपाशी एकटे काका.

मॅडमनी त्या नोंदीचा कागद काकांपुढे ठेवला. मला वाटलं, चिडतील. त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचला.

"मला काही आठवत नाही," म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "पण मशीन कशाला खोटं बोलेल? मीच पुसल्या असतील."

असतील! भांडले असते तर परवडलं असतं.

७ मार्च, शनिवार

काकांना घरी बसायला सांगितलं. जाताना ते डबा टेबलावरच विसरले.

१० मार्च, मंगळवार

जेवताना मशीनचा पंखा घरघरत होता. कोणी झोपवत नाही आता. मॅडमनी माझ्या कामाचं सर्वांसमोर कौतुक केलं. मी डबा तसाच झाकून ठेवला.

१३ मार्च, शुक्रवार

काल पुन्हा नऊ फाइली गेल्या. काका घरी असताना!

नोंद उघडली. अठ्ठावीस हजार पाचशे सेकंद. साडेआठपासून मोजलं. चार पंचवीस.

माझी वेळ. माझी स्क्रिप्ट.

तिच्यात दोन ओळी आहेत. वरची म्हणते, दुसऱ्या डिस्कवर उतरव. खालची म्हणते, इथलं पूस. वरचं झालं की नाही, हे खालची विचारतच नाही. आणि दुसरी डिस्क फेब्रुवारीतच भरलीय. शिकाऊ माणसाने हे केलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं.

मग सव्वातीन कुठून आलं? चार पंचवीस आणि सव्वातीन, मधे सत्तर मिनिटं. एक ते दोन दहा. जेवणाची सुट्टी. काकांची डुलकी! मशीन झोपलं की ट्रेसरचं घड्याळही थांबतं. माहितीपुस्तिकेत सरळ एका ओळीत लिहिलंय. झोप धरून मोजणारं दुसरं घड्याळही आहे, ते निवडावं लागतं. मी ती ओळ वाचलीच नव्हती.

मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यांच्या घरी आधी तू जा."

१४ मार्च, शनिवार

गेले. दार काकूंनी उघडलं. काका खिडकीशी बसलेले, हातात छोटी वही. वही! आठवडाभर सगळं लिहून ठेवतायत म्हणे — दार लावलं, गोळी घेतली. त्यांच्या आईला शेवटी मुलंही ओळखू येत नव्हती. आपलंही तेच सुरू झालं, असं त्यांनी धरूनच घेतलंय. का? तर माझा कागद वाचून!

सगळं सांगितलं. सेकंद, झोप, माझी स्क्रिप्ट. पाया पडले, रडले.

"नक्की ना पोरी? मी नाही पुसलं?"

"नाही काका. चूक माझी. तुमचं डोकं आमच्या सगळ्यांपेक्षा शाबूत आहे."

काकू स्वयंपाकघरात हळूच म्हणाल्या, "परवा गॅस चालूच ठेवला होता त्यांनी. मंगळवारी मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय."

"धसक्यानं होतं काकू असं. कशाला उगाच त्या तपासण्या? रद्द करा." फोन मीच लावून दिला.

१६ मार्च, सोमवार

काका आले. मॅडमनी सर्वांसमोर त्यांची माफी मागितली, मीही मागितली. लॅबमध्ये पुन्हा जीव आला. रात्री शांत झोप लागेल.

१७ मार्च, मंगळवार

आज डॉक्टरांची वेळ होती, रद्द केलेली.

एक वाजता काकांनी मशीन झोपवलं, माझ्यासमोर. "त्यालाही डुलकी," म्हणाले, मी हसले. जिन्यापर्यंत गेलो असू. तिथे थांबून त्यांनी विचारलं, "मशीन झोपवलं का गं मी?"

मी हो म्हटलं. त्यांनी खिशातून वही काढली आणि लिहून घेतलं. वरच्या ओळीत त्यांच्याच अक्षरात तेच लिहिलेलं होतं. आजची तारीख, वेळ एक.