चौदा तासांच्या अंतरावरून

ती. दादास, इतक्या दुरूनच नमस्कार.

मी बरी आहे, काळजी नको. कालपासून पुन्हा विमान कंपनीच्या तिकीट खिडकीवर बसते.

"धाकटीला कळवून काय उपयोग, ती वेळेत पोचणार थोडीच!" असं तू परस्पर ठरवलंस आणि आई गेल्याचं मला चौथ्या दिवशी सांगितलंस. अरे, कुठून कुठे किती तास लागतात, हे सांगायचाच मला पगार मिळतो. विमानाचे अकरा, पुढे घरापर्यंत तीन. त्या दिवशीच्या विमानात नऊ जागा रिकाम्या होत्या, मी नंतर पाहिलं.

बाबा जेवतात ना नीट?

आणि वहिनीला ओरडू नकोस, ती बिचारी सहज बोलून गेली. मामांची गाडी चुकली, म्हणून तुम्ही आईला वीस तास बर्फावर ठेवलंत.

अजून तरी तुझीच,
धाकटी