दिवसाला एकच मागणं

आई,

फादरांनी माझ्यावर एक काम टाकलंय. उद्या रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर, पहिल्यांदा कम्युनियनची भाकर घेणाऱ्या मुलांशी दहा मिनिटं बोलायचं. विषय काय, तर लेकरानं बापाशी बोलावं तसं देवाशी कसं बोलावं. धर्मशिक्षणाचा वर्ग मी इतकी वर्षं घेतेय, तेव्हा मला हे जड जाऊ नये असं त्यांना वाटलं. सकाळपासून जुळे सोलापुरातल्या या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात वही उघडून बसलेय. कुकर झाला, भाजी झाली, वहीत एक ओळ नाही. म्हणून तुलाच लिहायला घेतलं. तुला जाऊन बेचाळीस वर्षं झाली. पत्र टाकायचं कुठं हा प्रश्नच नाही, तेवढी एक सोय आहे.

विषय खरं तर तुझा. शुक्रवार पेठेतल्या आपल्या खोलीत तू स्टोव्हवर चहा ठेवायचीस आणि तो उकळेपर्यंत आम्हा तिघा भावंडांना समोर बसवून देवाकडे मागायला लावायचीस. मोठ्यानं, आपल्या बोलीत. एकदा मी सिस्टरांनी पाठ करून घेतलेली प्रार्थना घडाघडा म्हणून दाखवली, तर पातेल्यावरचं झाकण काढता काढता तू म्हणालीस, "कुनाशी बोलायलीस गं? हेडमास्तरशी का बापाशी?" दोघे भाऊ फिदीफिदी हसले, मी रडले. मग तूच जवळ ओढून सांगितलंस, पोट दुखलं तर पोट दुखतंय म्हणायचं, भ्या वाटलं तर भ्या वाटतंय म्हणायचं, आणि सांगून झालं की सोडून द्यायचं, बाप बघून घेतो. आमच्या याद्या फार लांबायच्या. धाकट्याला तर सायकल, चेंडू आणि भजी एकदमच हवी असायची. म्हणून तू नियम केलास, एकानं दिवसाला एकच मागायचं. का, असं मी विचारलं होतं. तू म्हणालीस, "त्याला बाकीचीबी लेकरं हायत की." त्या वाक्याचं मी पुढं काय केलं ते तुला कधी कळलंच नाही.

मी नऊ वर्षांची आहे. माझं पहिलं कम्युनियन दोन दिवसांवर आलंय आणि माझ्या पांढऱ्या फ्रॉकचा घेर अजून दुमडून शिवायचा राहिलाय. तू तीन दिवस तापानं फणफणलीयस. अप्पा म्हणतायत आज कारखान्यात जाऊ नको, आणि तूही घरीच पडते म्हणालीयस. चहा उकळायला लागतो, मागायची माझी पाळी येते. मी डोळे घट्ट मिटून मोठ्यानं मागते, बापा, आज माझा फ्रॉक होऊ दे. डोळे उघडते तर तू उठून केस बांधतेयस. अप्पा चिडतात. तू फ्रॉकची घडी करून पिशवीत टाकतेस आणि माझ्याकडे बघून हसतेस. "बापाला सांगितलंस न्हवं? मग झालंच की." कारखान्यातल्या ज्या मशीनवर तू टॉवेलच्या कडा शिवायचीस, त्याच मशीनवर जेवणाच्या सुट्टीत तू तो घेर शिवलास, हे तिथल्या बायकांनी मागून सांगितलं. दोरा तोडलास, फ्रॉक पिशवीत ठेवलास आणि उठता उठता कोसळलीस.

दवाखान्याच्या बाकावर मी दुपारभर बसून होते. आत अप्पा, बाहेर आम्ही तिघं, आणि तुझी पिशवी माझ्या मांडीवर. भाऊ दमून तिथंच झोपले. कुणी काही सांगितलं नाही तरी हे साधं दुखणं नाही एवढं मला कळत होतं. मागायला हवं हेही कळत होतं. पण माझं त्या दिवसाचं मागून झालं होतं, फ्रॉकवर गेलं होतं. दुसऱ्यांदा मागितलं तर दुसऱ्या कुठल्या तरी लेकराच्या वाट्याचं जाईल, आणि बाप रागावून तुझंच वाईट करील. मी ठरवलं, उद्या उठल्या उठल्या मागायचं, चहाचीसुद्धा वाट बघायची नाही. चुकून तोंडातून निघून जाऊ नये म्हणून तोंडावर हात दाबून बसले. दिवेलागणीला अप्पा बाहेर आले आणि माझ्या शेजारी बसले. त्यांच्याकडे बघूनच मला कळलं.

दफनाच्या दिवशी घालायला दुसरं धड काही नव्हतं म्हणून मला तोच फ्रॉक घातला. घेर अगदी सरळ आला होता. सिस्टरांनी डोक्यावर हात ठेवून विचारलं, आईसाठी प्रार्थना केली होतीस ना, बाळ? सगळे माझ्याकडे बघत होते. मी हो म्हणाले. दुपारभर केली म्हणाले. अप्पा शेजारीच उभे होते. "लेकरानं मागूनबी दिलं न्हाय त्यानं," एवढंच ते बोलले. त्यानंतर ते कधी चर्चची पायरी चढले नाहीत. आम्हाला पोचवायचे आणि फाटकापाशी बिडी ओढत थांबायचे. शेवटच्या दुखण्यात फादर आले तेव्हा अप्पांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मी कॉटशी बसले होते. अप्पा, मी मागितलंच नव्हतं, एवढंच सांगायचं होतं. मग वाटलं, आईसाठी आपली पोरगी एक शब्द बोलली नाही, हे डोक्यात घेऊन हा माणूस जाईल. मी त्यांना चमच्यानं पाणी पाजलं. भेकड आहे मी.

आता हसशील. एक्कावन्न वर्षांची बाई, गुडघे धरलेत, पोरीचं लग्न झालंय, आणि अजून दिवसाला एकच मागते. पोरीचे दिवस भरत आले तेव्हा सकाळी काही मागायचेच नाही, न जाणो संध्याकाळी गरज लागली तर. आमची बडबड थांबावी आणि चहा गरम प्यायला मिळावा म्हणून तू केलेला नियम तो, हे न कळण्याइतकी मी खुळी नाही. पण नियम खोटा धरला, तर त्या बाकावर मला मागता आलं असतं. आणि ते मला सोसत नाही. मागच्या रविवारी वर्गातल्या एका पोरीनं विचारलं, टीचर, देवाला दिवसातनं किती वेळा मागितलेलं चालतं? मी तिला पुस्तकातलं पान वाचायला लावलं.

आज सकाळी चहाच्या आधी माझं मागून झालंय, उद्या बोलायला शब्द दे म्हणून. आता अडीच वाजलेत, वही कोरीच आहे. हे कागद कपाटात त्या फ्रॉकच्या घडीत ठेवीन, तो अजून आहे माझ्याकडे.

एक सांगायचं राहिलं. अप्पांचं लिहून झाल्यावर मी मघाशी पेन खाली ठेवलं होतं. घरात कुणी नव्हतं. मोठ्यानं म्हटलं, बापा, अप्पांना खरं काय ते कळू दे, आणि आईला म्हणावं माझ्यावर रागावू नको. ही दोन झाली. सकाळचं धरून तीन. भ्या वाटतंय, आई.